बसकी गाडी

माझी गाडी वळणावर झुकते, हे माझ्या मेहुण्याने मला चारचौघांत सांगितलं. रेस ट्रॅकच्या खुल्या दिवशी ज्या फळ्यावर सगळ्यांच्या वेळा लिहितात, त्या फळ्यासमोर आम्ही उभे होतो. माझं नाव सगळ्यात खाली होतं आणि माझ्या वर मेहुण्याचं. शेवटचा नंबर आल्याचं मला मुळीच दुःख नव्हतं. खोटं कशाला बोलू, होतं. कारण माझी गाडी म्हणजे दोन सीटची, लालभडक, अस्सल स्पोर्ट्स कार. मेहुण्याची चार दारांची, घरगुती, मागच्या सीटवर पोराची खुर्ची बांधलेली. ती खुर्ची सोडवायचे कष्टही त्याने घेतले नव्हते. खुर्चीसकट तो माझ्यापुढे चार सेकंद होता.

"इंजिन झकास आहे हो भाऊजी," तो म्हणाला, "पण वळणावर गाडी अशी कलंडते, की आत कोणाला डुलकी लागलीय असं वाटतं."

आजूबाजूचे हसले. हसणाऱ्यांत आमचं कुटुंबही होतं, हे मी नमूद करून ठेवतो.

माणसाने अशा वेळी मोठ्या मनाने हसून सोडून द्यावं. माझं मन त्या दिवशी तितकं मोठं नव्हतं. मी म्हणालो, "पुढच्या खुल्या दिवशी दोन मिनिटांच्या आत फेरी मारून दाखवली नाही, तर गाडी विकून टाकीन!"

माझी वेळ होती दोन मिनिटं नऊ सेकंद.

"गिऱ्हाईक मी आणतो," मेहुणा म्हणाला. तो कायम मदतीला तत्पर असतो. बायको एवढंच म्हणाली, "झालं?" आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण गच्च लावलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं समजेल. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, वजनं तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर जप्त करायची, हे मी चोवीस वर्षं करतो आहे. शब्द दिला की दिला, आणि दोन मिनिटं म्हणजे एकशेवीस सेकंद. ह्यात घासाघीस नाही. त्यामुळे गाडी जाणार की राहणार, हे त्या दिवशी अगदी साफ ठरून गेलं.

आमच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी बॉनेटला कान लावतो आणि मग चेहरा पाडतो. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, एक कोपरा दाबून सोडला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

"गादी आहे ही," तो म्हणाला. "साहेब, तुम्ही गादीवर बसून वळणं घेताय. स्प्रिंगा आखूड आणि कडक टाकू, शॉक ॲब्सॉर्बर बदलू, गाडी चार बोटं खाली बसवू. मग बघा कशी चिकटून जाते रस्त्याला."

"आणि वेग?"

"सायलेन्सर अरुंद आहे. इंजिनाला श्वास सोडायला जागा नाही. मागून सगळी नळी मोकळी काढतो."

मला हे एकदम पटलं. मलाही ऑफिसात तसंच होतं.

आठवड्याभराने गाडी घ्यायला गेलो, तर ती एखाद्या मांजराने दबा धरावा तशी बसली होती. किल्ली फिरवली. जो आवाज आला तो वर्णन करून सांगण्यासारखा नाही. तो छातीत ऐकू येतो. पलीकडच्या दुकानातला केस कापणारा कात्री घेऊन बाहेर आला. मी चोवीस वर्षं लोकांना "जरा हळू बोला" म्हणत आलेला माणूस. पण खरं सांगतो, त्या आवाजाने मला इतका आनंद झाला की मी विनाकारण दोनदा ॲक्सिलरेटर दाबला.

घरी येताना मात्र लक्षात आलं, की गादी गेली ती पार गेली. रस्त्यात पडलेल्या नाण्यावरून चाक गेलं, तर ते छापा पडलंय की काटा हे माझ्या मणक्याला समजत होतं. माझा चष्मा नाकावरून उडी मारून मांडीवर येऊन बसे. म्हटलं, हरकत नाही. वळणावर झुकत तर नाही ना!

आमच्या इमारतीच्या फाटकात एक गतिरोधक आहे. तो चिटणीसांनी स्वतः उभं राहून घालून घेतलेला असल्यामुळे त्याची उंची साधारण त्यांच्या स्वाभिमानाइतकी आहे. पुढची चाकं त्यावरून पार झाली, मागची अजून अलीकडे होती, आणि गाडीने पोट टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी हलली नाही, पण तिन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या.

सर्वांत आधी खाली आले ते पूलवाले काका. ते निवृत्त इंजिनिअर. उभी हयात पूल बांधण्यात गेली. त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं, सरळ झाले, परत वाकून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "भार मध्यावर आलाय."

"ते दिसतंय काका. उपाय सांगा."

"पुलाच्या बाबतीत आम्ही पूल उंच करतो."

मग चिटणीस आले. त्यांनी आधी गतिरोधकाला काही इजा झालीय का ते तपासलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी टायरमधली हवा सोडा म्हणून सांगितलं, त्यांच्या यजमानांनी हवा भरा म्हणून सांगितलं, आणि त्या दोघांचं त्यावरून जे जुंपलं त्यात माझी गाडी पाच मिनिटं कोणाच्या लक्षातच राहिली नाही. अखेर आठ जणांनी मिळून ती उचलून आत ठेवली. उचलताना चिटणीस म्हणाले, "दिसायला लहान आहे, पण जड आहे हो." माझ्याकडे बघून म्हणाले की गाडीकडे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून इमारतीत तिचं नाव बसकी गाडी पडलं.

पूलवाल्या काकांनी त्या संध्याकाळी दोन कागद भरून हिशेब केला आणि निष्कर्ष आणून दिला: फाटकातून तिरकं यायचं, एकेक चाक चढवायचं, आणि गाडीत ड्रायव्हरशिवाय कोणी बसायचं नाही. हिशेब बरोबर होता, हे मान्य करायला हवं. घरापासून हमरस्त्यापर्यंत अकरा गतिरोधक आहेत. प्रत्येकाच्या आधी बायको उतरायची, मी तिरका व्हायचो, एकेक चाक चढवायचो, ती पलीकडे जाऊन उभी राहायची आणि पुन्हा बसायची. असं अकरा वेळा. तिसऱ्या दिवशी पाचव्या गतिरोधकाला ती उतरली ती बसलीच नाही. तशीच चालत पुढे गेली. मी हमरस्त्यावर पोचलो, तेव्हा ती थांब्यावर उभी राहून माझी वाट बघत होती.

"दोन मिनिटं झाली मला येऊन," ती म्हणाली. ह्या वाक्यातली दोन मिनिटं मला फार लागली.

आवाजाचं निराळंच. चिटणीसांनी सूचनाफलकावर कागद लावला: "काही वाहनांच्या आवाजामुळे काही सभासदांना काही त्रास होत आहे." इमारतीत वाहनं सतरा, त्यातली लाल एकच, पण सभ्यता म्हणून "काही". मी खाली लिहिलं: "कोणत्या सभासदांना, कोणता त्रास, मोजून कळवावे." दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली गेली. बैठकीत गाडी तोंड आत करून लावावी की बाहेर, ह्यावर दीड तास चर्चा झाली. तोंड आत केलं तर सायलेन्सर रस्त्याकडे येतो आणि बेकरीवाला तक्रार करतो. तोंड बाहेर केलं तर सायलेन्सर थेट चिटणीसांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. तोंड बाहेर ठेवायचं मी ठरवलं होतं, पण बैठकीने ठरवलं की सकाळी गाडी इंजिन बंद ठेवून फाटकापर्यंत ढकलत न्यायची. मी ढकलली. टाय लावून, रोज, मान ताठ ठेवून ढकलली. ज्यांना खिडकीतून बघायचं होतं त्यांनी बघितलं.

इथपर्यंत सगळं माणसामाणसांतलं होतं. मग सरकार आलं.

खुल्या दिवसाला वीस दिवस राहिले असताना ट्रॅकवाल्यांचं पत्र आलं, की ज्या गाड्यांत फेरफार केले असतील त्यांनी वाहन तपासणी कार्यालयाचा दाखला आणावा. दाखला नाही तर फेरी नाही. मी गाडी घेऊन गेलो. रांगेत तीस-पस्तीस गाड्या होत्या. माझ्यापुढे एक शाळेची व्हॅन, मागे एक पावाची. आवाजाच्या यंत्राने माझा सायलेन्सर पास केला. मला वाटतं यंत्रालाही तो आवडला असावा. मग तपासनीसाने कोपऱ्यातून एक लाकडी ठोकळा आणून जमिनीवर ठेवला.

"ह्याच्यावरून गाडी न्या. तळ लागता कामा नये. बारा सेंटिमीटरचा नियम आहे."

डॉक्टरने गाडी बरोब्बर बारा सेंटिमीटर दोन मिलिमीटरवर बसवली होती. मी स्वतः मोजली होती, तीनदा. निर्धास्तपणे नेली. खाली खर्रकन आवाज झाला.

"नापास," तपासनीस म्हणाला. "पुढचा."

मी खाली उतरलो. ठोकळा हातात घेतला. आता बघा, दुसरा कोणी असता तर त्याने हातापाया पडून काम करून घेतलं असतं, किंवा गाडी दोन मिलिमीटर वर करून दुसऱ्या दिवशी आणली असती. पण मी ठोकळा उलटा केला, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ह्याच्यावर शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"मापाचा. हे माप आहे. ह्याने तुम्ही लोकांना पास-नापास करता. मग ह्याच्यावर वजनमापे खात्याचा शिक्का हवा."

"साहेब, लाकडाचा ठोकळा आहे तो. माझ्या आधीच्या तपासनीसाने दाराच्या चौकटीतून कापून आणलाय."

मी खिशातून पोलादी पट्टी काढली. ठोकळा बारा सेंटिमीटर चार मिलिमीटर भरला. चार मिलिमीटर! चोवीस वर्षांत एकाही वाण्याने माझ्या डोळ्यांदेखत इतकं मारलेलं नाही. माझ्या अंगात काय संचारलं ते सांगता येत नाही. मी तिथल्या तिथे ओळखपत्र दाखवलं, पंचनामा लिहिला, व्हॅनवाल्याची आणि पाववाल्याची साक्षीदार म्हणून सही घेतली, आणि ठोकळा जप्त केला. इतकं शुद्ध समाधान मला नोकरीत क्वचितच मिळालं होतं.

तपासनीस शांत माणूस होता. त्याने विचारलं, "आता तुमची गाडी मी कशाने मोजू?"

"शिक्क्याच्या ठोकळ्याने."

"तो कुठे मिळेल?"

"नवा करून घ्या आणि आमच्या खात्याकडे अर्ज करा."

"किती दिवस लागतात?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं अचूक त्या आवारात कोणालाच माहीत नव्हतं. तीन आठवडे. मी ते सांगितलं, आणि सांगता सांगता लक्षात आलं की खुला दिवस वीस दिवसांच्याही आत आहे. पण ठोकळा मी परत केला नाही. काखेत घट्ट धरून गाडीत बसलो. मागे पस्तीस गाड्यांचे मालक मला जे काही म्हणत होते, ते नव्या सायलेन्सरमुळे नीटसं ऐकू आलं नाही.

तपासनीसाचा अर्ज तीन दिवसांनी आला, आणि तो माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्या कोणाच्या टेबलावर येणार? 'मापाचे वर्णन' ह्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: ठोकळा. मी शेरा मारून परत पाठवला: कशाचा? पुन्हा आला: लाकडाचा. मी परत पाठवला: उंची नमूद नाही.

आमचे साहेब माझ्या टेबलापाशी आले. "अहो, ह्या ठोकळ्यापायी तुमचीच गाडी अडलीय म्हणे?"

"म्हणूनच तर, साहेब. माझी अडली नसती, तर एखादी त्रुटी मी सोडूनही दिली असती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चहा मागवला आणि एकट्यानेच प्यायला.

घरी मी हे सांगितलं तेव्हा बायको पुस्तकांचं कपाट पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं. "म्हणजे तुमचा अर्ज तुम्हीच अडवून बसलाय."

"माझा नाही. त्याचा."

"गाडी कोणाची जाणार?"

खरं तर त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं. गाडी मला हवी होती. बावन्नाव्या वर्षी माणसाला सगळं शहाण्यासारखंच वापरायला देतात: चष्मा, चप्पल, गादी. ती एक वस्तू माझ्याकडे अशी होती जी कोणी माझ्या भल्यासाठी मला दिलेली नव्हती. पण चुकीच्या ठोकळ्याने पास होऊन मला ती ठेवायची नव्हती, आणि अर्धवट अर्जावर शिक्का मारूनही नाही. हे मी बायकोला बोलून दाखवलं. तिने फडकं उचलून पुन्हा कपाट पुसायला घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र वाहन तपासणी कार्यालयात जाऊन तपासनीसासमोर बसली आणि अर्ज पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत स्वतः भरून आली. चोवीस वर्षं तिने माझ्या तोंडून त्रुटीच ऐकल्या होत्या. अर्जात एक खोट सापडेल तर शपथ. तीन आठवडे लागतात ते त्रुटींमुळेच.

गुरुवारी मी नव्या ठोकळ्यावर शिक्का मारला. शुक्रवारी गाडी त्यावरून गेली. खर्रकन झालं नाही. रविवारी खुला दिवस होता.

ट्रॅकवर प्रत्येकाला तीन फेऱ्या. मेहुणा खास दुर्बीण घेऊन आला होता. पूलवाले काका आले होते आणि भार कुठे येणार हे अनोळखी लोकांना समजावून सांगत होते. डॉक्टर बॉनेटला कान लावून उभा होता, पण त्याने चेहरा पाडला नाही, ह्याचा मला मोठा धीर वाटला.

पहिली फेरी दोन मिनिटं तीन सेकंद. दुसरी दोन मिनिटं दीड. तिसऱ्या फेरीला मी सगळं विसरलो. वळण आलं की पूर्वी गाडी एका अंगावर पडायची आणि मी दाराला चिकटायचो. आता ती नुसती वळायची, जणू रस्ताच आमच्याबरोबर वळत होता. मागे तो आवाज. माझ्या मणक्याला खडे लागत होते आणि मी हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने हसत होतो. तिथे मला कोणी हळू बोला म्हणणारं नव्हतं.

वेळ नोंदवणारा टेबलाशी बसला होता. त्याने यंत्राकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "दोन मिनिटं! वा, काका."

टाळ्या पडल्या. मेहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "जिंकलात भाऊजी. दोन म्हणजे आतच धरू. घरचाच मामला आहे."

तो मनापासून म्हणत होता. तेच मला सहन झालं नाही. माझी गाडी, माझी पाठ, माझं इतक्या दिवसांचं ढकलणं, आणि शेवटी ते सगळं त्याने 'धरल्या'मुळे खरं ठरणार होतं!

"दोन आणि पुढे किती?" मी वेळ नोंदवणाऱ्याला विचारलं.

"अहो काका, जाऊ द्या ना."

"पुढे किती?"

"चार दशांश."

"मग तसं लिहा," मी म्हणालो. "दोन मिनिटं आणि चार दशांश. आत नाही. बाहेर." माझा आवाज जरा चढला होता. टाळ्या थांबल्या. त्याने फळ्यावर तसं लिहिलं, ठळक अक्षरांत, आणि मी ते उभं राहून वाचलं. मान खाली घातली नाही. घालायचं कारणच नव्हतं.

शेवटच्या अर्ध्या तासात घरच्यांना शेजारी बसवून एक फेरी मारू देतात. ती वेळात धरत नाहीत. आता गाडी विकायचीच, तर तयार करून ठेव म्हणून मी किल्ली डॉक्टरकडे द्यायला निघालो होतो, तेवढ्यात बायको हेल्मेट चढवून पलीकडच्या सीटवर जाऊन बसलेली दिसली. ह्या गाडीत बसून तिने ट्रॅकवर कधी फेरी मारली नव्हती. मी निमूटपणे फेरी मारली. चौथ्या वळणावर तिने डॅशबोर्डला धरलेला हात काढून मांडीवर ठेवला, एवढंच माझ्या लक्षात आलं.

थांबलो तेव्हा मेहुणा खिडकीशी आला. "मग, उद्या पाठवू गिऱ्हाईक? चांगला माणूस आहे. जपून वापरील."

"कसलं गिऱ्हाईक?" बायकोने हेल्मेटमधूनच विचारलं.

"ताई, ठरलं होतं ना. हरले ते."

"हरले. मग?"

"अगं, शब्द दिलाय त्यांनी."

"त्यांनी दिलाय ना? ते पाळतील, त्यांना ओळखते मी. म्हणून ती मीच विकत घेतली. आजपासून गाडी त्यांची नाही, माझी. आणि मी काही विकायला काढलेली नाही. तू जरा बाजूला हो, पाय येईल चाकाखाली."

मेहुणा बाजूला झाला. तिने पट्टा सोडला आणि माझ्याकडे वळली.

"अहो, त्या तिसऱ्या वळणावर तुम्ही उगाच ब्रेक दाबता. गाडी काही पडत नव्हती. तुमचे चार दशांश तिथेच गेले."

"तिथे सगळेच दाबतात."

"सगळ्यांचं मला सांगू नका," ती म्हणाली. "उतरा. इकडे बसा."

मी उतरलो, पलीकडून जाऊन तिच्या जागेवर बसलो, आणि पट्टा लावला.